रंगाची जाडी २८० मायक्रॉन बरोबर, तरी सहा महिन्यांत फोड. काय तपासू?

मायक्रॉन_मोज्या:
नमस्कार मंडळी. कोटिंग इन्स्पेक्शनमध्ये मला दीडच वर्ष झालंय. समुद्रालगतच्या रासायनिक कारखान्यात जुन्या पाइपरॅकचं (पाइप पेलणाऱ्या स्टीलच्या सांगाड्याचं) रंगकाम झालं. एसए अडीच ब्लास्टिंग (कणांचा मारा करून स्टील जवळजवळ पूर्ण स्वच्छ), झिंक-रिच इपॉक्सी प्रायमर ६० मायक्रॉन, मध्ये एमआयओ (अभ्रकासारख्या लोह-ऑक्साइडचा) इपॉक्सी १६०, वर पॉलियुरेथेन ६०. जाडीच्या सगळ्या कागदांवर माझी सही आहे आणि एकही आकडा बाहेर नाही. दवबिंदूची नोंदही रोजची आहे, स्टील कायम ३ अंशांनी वरच होतं.

आता खांबांच्या खालच्या मीटरभरात आणि आडव्या बीमच्या खालच्या फ्लँजवर वाटाण्याएवढे फोड आलेत. वरचा भाग अगदी नवा दिसतो. कंत्राटदार म्हणतो रंगच खराब, रंगवाले म्हणतात लावणी चुकली, आणि दोघं मिळून माझ्या सहीकडे बोट दाखवतात. पुढच्या आठवड्यात संयुक्त पाहणी आहे. पुल-ऑफ टेस्ट (रंग ओढून किती घट्ट धरलाय ते मोजणारी) घेऊन ठेवू का?

जुना_गंज:
पुल-ऑफची घाई करू नका. फोडाशेजारच्या चांगल्या रंगावर डॉली (ओढायची धातूची चकती) चिकटवाल, आकडा झकास येईल आणि तोच कागद समोरचा तुमच्यापुढे नाचवेल.

आधी सुरी, भिंग आणि कॅमेरा घ्या. दहा-बारा फोड उघडा, प्रत्येकाचा फोटो उघडण्याआधी आणि नंतर. पाणी निघतं की कोरडा आहे? पापुद्रा कुठून सुटला, स्टीलवरून की दोन कोटांच्या मधून? मधूनच सुटला असेल तर दोन कोटांमधल्या दिवसांचा हिशेब काढा. इपॉक्सीवर पुढचा कोट द्यायची मुदत उलटली की वरचा थर नुसता बसतो, धरत नाही. पण स्टीलपर्यंत उघडला आणि आत पाणी असेल, तर मला मिठाचा वास येतोय.

माझीच फजिती सांगतो. एका टाकीच्या खालच्या पट्ट्यावर खोल खड्डे होते. संध्याकाळी ब्लास्ट झालं तेव्हा स्टील लख्ख होतं. सकाळी पाहतो तर खड्ड्याखड्ड्यात चहाचे थेंब सांडल्यासारखे काळपट डाग. फोरमन म्हणाला, "साहेब, एक हात फिरवतो." फिरवला, पुन्हा लख्ख, मी सही केली. आठ महिन्यांनी फोड आले ते नेमके त्या डागांच्या जागी, जणू कुणी नकाशा काढून ठेवला होता.

कोरडं ब्लास्टिंग गंज उडवतं, पण खड्ड्याच्या तळाचं क्लोराइड तिथेच राहतं. रंग दिसायला अभेद्य असला तरी थोडी वाफ आत घेतोच. खालचं मीठ ती ओढून घेतं, पाणी साठतं, फोड फुगतो. हे जाडीच्या मीटरला कधी कळणार? तो स्टील आणि रंगाच्या पृष्ठभागामधलं अंतर सांगतो, बाकी काही नाही.

ब्लास्टनंतर प्रायमरआधी ब्रेसल पॅच (स्टीलवर चिकटवून आत सुईनं पाणी सोडायचं आणि विरघळलेलं मीठ मोजायचं, तो) लावला होता का?

नळीवाला:
मी बावीस वर्षं ब्लास्टिंगचं नॉझल धरलंय, म्हणून आमच्या बाजूनं दोन शब्द. रंग खराब असता तर वरही फुगला असता. एकाच मिक्सचा रंग वर शहाणा आणि खाली वेडा होत नसतो.

पण खालच्या फ्लँजचं खापर आमच्यावर फोडायच्या आधी एवढं बघा. तिथे नॉझल उलटं धरून मान वाकडी करून मारावं लागतं, परांचीची फळी आडवी येते. इन्स्पेक्टर साहेब खांबावर छातीच्या उंचीला मीटर लावतात, फ्लँजखाली आरसा धरून बघणारे मला दोनच भेटले. आणि ग्रिट (ब्लास्टिंगचे कण) गोळा करून पुन्हा वापरत होते का ते विचारा. मूठभर ग्रिट स्वच्छ पाण्याच्या बाटलीत हलवा. वर तेलाचा तवंग आला की तिथेच कळतं, आणि त्याच पाण्याची कंडक्टिव्हिटी मोजली की मीठही कळतं.

मायक्रॉन_मोज्या:
करून पाहिलं. १२ फोड उघडले, ९ मध्ये पाणी. सगळे स्टीलपर्यंत, तळ काळा, ७ मध्ये मध्यभागी खड्डा. ग्रिट आता उरलंच नाही, त्यामुळे ते हुकलं. ब्रेसल आधी केलाच नव्हता, स्पेसिफिकेशनमध्ये नव्हता म्हणून मीही विचारलं नाही. आता दुरुस्तीसाठी दोन जागा उघडून पुन्हा ब्लास्ट करून घेतल्या आणि १५ मिलिलीटर पाण्यानं टेस्ट केली. कोऱ्या पाण्याचं वाचन २ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. खांबाच्या तळाशी २४, वर चार मीटरवर ५.

जुना_गंज:
मग गणित सरळ आहे. साध्या साडेबारा चौरस सेंटिमीटरच्या पॅचला आणि १५ मिलिलीटरला फरक गुणिले ६. खाली २२ × ६ म्हणजे १३२ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, वर १८. तुमच्या स्पेसमध्ये (स्पेसिफिकेशनमध्ये) मर्यादा नाही म्हणता, तर तुलनेला सांगा की जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांसाठी ५० धरतात. हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवा, रंग चांगला की वाईट हा वाद आपोआप मागे पडेल. स्पेस लिहिणाऱ्यालाही बैठकीला बोलवा, त्याचाही वाटा आहे.

दुरुस्तीत आधी गोड्या पाण्यानं जोरात धुवा, वाळवा, मग ब्लास्ट, मग पुन्हा ब्रेसल. खड्डे हट्टी असतात, दोन-तीन फेऱ्या लागतील, तेवढे दिवस आत्ताच मागून घ्या. आणि पॅच खड्ड्यांवरच लावा, मधल्या गुळगुळीत जागेवर लावलात तर वाचन गोड येईल. फक्त पॅचची कड सपाट भागावर नीट दाबा, नाहीतर सुईनं पाणी सोडताना बाजूनं गळतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

मायक्रॉन_मोज्या:
गळलंच होतं, दोनदा. बैठक गुरुवारी आहे, फोटो छापायला दिलेत.