शहरातल्या सुट्टीत हॉटेल की आलिशान सर्व्हिस्ड अपार्टमेंट? तुमचे अनुभव लिहा

मागच्या सुट्टीत आम्ही तिघं एका उत्तम हॉटेलात चार रात्री राहिलो. खोली देखणी होती आणि खिडकीतून अर्धं शहर दिसायचं. पण लेक साडेआठला झोपायची आणि मग आम्ही दोघं दिवे मालवून अंधारात बसायचो. दुसऱ्या रात्री नवरा बाथरूममध्ये खुर्ची नेऊन पुस्तक वाचत बसला. पुढच्या वेळी दार लावता येईल अशी वेगळी बेडरूम घ्यायची, हे तिथेच ठरलं.

यंदा सासूबाईही बरोबर होत्या. सहा रात्रींसाठी दोन बेडरूमचं सर्व्हिस्ड अपार्टमेंट घेतलं. खाली चोवीस तास रिसेप्शन, वर स्वतःचं स्वयंपाकघर, दोन बाथरूम आणि मधे प्रशस्त हॉल. दोन बाथरूमचं सुख आधी लक्षात आलं नव्हतं. चार माणसांना सकाळी नऊला बाहेर पडायचं असेल, तर उंची गालिच्यापेक्षा दुसरं बाथरूम कितीतरी मोठी चैन आहे. पण मला सगळ्यात मोलाचा वाटला तो हॉल. लेक झोपली की आम्ही तिघं तिथे बसायचो. एका रात्री सासूबाई त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षाबद्दल बोलायला लागल्या आणि साडेअकरा कधी वाजले ते कळलं नाही. घरी त्या इतक्या निवांत कधी बोलल्या नव्हत्या.

एक चूक आमची झाली. रोज टॉवेल बदलतील असं आम्ही गृहीत धरलं होतं. तिसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा कळलं की सफाई आठवड्यातून दोनदाच, आणि ते बुकिंगच्या कागदावर लिहिलेलं होतं.

तुम्ही काय निवडलंत? माणसं किती, रात्री किती, काय जमलं, काय फसलं, सविस्तर लिहा.

* * *

बाबांना इन्सुलिन लागतं, त्यामुळे आमच्याकडे हा प्रश्न फ्रीजपासूनच सुरू होतो.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं. हॉटेलातला मिनीबार दिसतो फ्रीजसारखा, पण बरेचसे मिनीबार फक्त थोडा गारवा देतात, त्यांचं तापमान नेमकं धरून ठेवता येत नाही. शिवाय कितीतरी हॉटेलांत दाराजवळच्या खाचेतून कार्ड काढलं की खोलीची वीज बंद होते आणि काही ठिकाणी त्याबरोबर मिनीबारही. आम्ही एकदा दिवसभर फिरून परतलो तर आतलं पाणी कोमट झालेलं. इन्सुलिनही त्यातच होतं. ते टाकून द्यावं लागलं आणि अनोळखी शहरात रात्री औषधांचं दुकान शोधत फिरलो. त्या दोन तासांत बाबा काही बोलले नाहीत, पण आपल्यामुळे सगळ्यांना त्रास होतोय हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते मला अजून लागतं.

अपार्टमेंटमध्ये पूर्ण आकाराचा फ्रीज मिळतो. मी एक छोटा थर्मामीटर बरोबर नेते, पहिल्या रात्री आत ठेवते आणि सकाळी आकडा बघूनच औषध कुठे ठेवायचं ते ठरवते. मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, तिथे गोठण्याची भीती असते. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं.

* * *

वरच्या ताईंना: हॉटेलातच राहायची वेळ आली तर बुकिंग करतानाच औषधासाठी फ्रीज हवा असं लेखी कळवा. बऱ्याच ठिकाणी खोलीत वेगळा छोटा फ्रीज ठेवतात, नाहीतर त्यांच्या मोठ्या फ्रीजमध्ये नाव लिहून ठेवून घेतात. आईच्या डोळ्यांच्या औषधासाठी मी असं दोनदा करून घेतलंय.

* * *

माझा अनुभव उलटा आहे.

आम्ही दोघंच होतो आणि फक्त दोन रात्री राहायचं होतं. फोटो बघून मोहात पडलो. विमान उशिरा आलं, पोचलो तेव्हा रात्रीचे पावणेबारा. इमारतीत माणूस नाही. दाराशेजारी आकड्यांचं कुलूप असलेली किल्लीची पेटी होती आणि मेलवर आलेला आकडा तिला चालेना. दिलेला नंबर लावला तर तो भलत्याच शहरातल्या मदत केंद्राचा. दीड तास आम्ही बॅगांवर बसून होतो. बायकोला थंडी वाजत होती आणि मी तिला काही देऊ शकत नव्हतो. शेवटी नवा आकडा आला आणि आत गेलो. जागा खरंच सुंदर होती. पण त्या रात्री झोप लागली नाही, आणि दुसरी रात्र सामान आवरण्यात गेली.

त्या जाहिरातीत 'सर्व्हिस्ड' हा शब्द तीनदा होता. आता मी एकच प्रश्न आधी विचारतो: रात्री बारा वाजता इमारतीत कोण असतं? उत्तर गोलमोल आलं तर हॉटेल. आणि दोन रात्रींसाठी तर हॉटेलच.

* * *

मी अकरा वर्षं अशाच एका ठिकाणी हाउसकीपिंग सांभाळतेय. वरचे दोन-तीन अनुभव वाचून आतल्या बाजूचं थोडं सांगावंसं वाटलं.

ही कल्पना मुळात सुट्टीवर येणाऱ्यांसाठी नव्हतीच. कामासाठी आठवडे, महिने घराबाहेर राहणाऱ्यांसाठी ती निघाली. अमेरिकेत विचिटा शहरात १९७५ मध्ये रेसिडेन्स इन नावाचं लांब मुक्कामाचं हॉटेल सुरू झालं ते याच गरजेतून, आणि सिंगापूरला १९८४ मध्ये सर्व्हिस्ड अपार्टमेंट चालवणारं अ‍ॅस्कॉट उभं राहिलं. सफाई रोज नसते, याचं मूळ तिथेच आहे. महिनाभर राहणाऱ्या माणसाला कुणी रोज खोलीत शिरलेलं नको असतं. आठवड्यातून दोनदा चादरी, एकदा पूर्ण सफाई असा हिशेब असतो आणि माणसं त्याप्रमाणेच नेमलेली असतात. रोज सफाई हवी असेल तर पैसे भरून मिळते, पण आदल्या दिवशी सांगा. ऐन वेळी सांगितलं की माझ्या हाताखालच्या मुलींची जेवणाची सुट्टी जाते.

याच कारणाने यातल्या अनेक इमारती कार्यालयांच्या भागात असतात. सोमवार ते शुक्रवार गजबज, आणि रविवारी खाली उतरलात तर निम्मी दुकानं बंद. पाहुणे याबद्दल आमच्यावर चिडतात. नकाशावर फक्त प्रेक्षणीय स्थळाचं अंतर मोजू नका, रविवारी सकाळी आसपास काय उघडं असतं तेही बघा.

डिपॉझिटबद्दल: बहुतेक ठिकाणी कार्डावर ठरावीक रक्कम अडवून ठेवतात, कापत नाहीत. पण डेबिट कार्ड दिलंत तर ती तुमच्या खात्यातलीच रक्कम अडकते आणि मोकळी व्हायला काही दिवस जाऊ शकतात. सुट्टीचा खर्च त्याच खात्यातून चालणार असेल तर क्रेडिट कार्ड द्या. आणि आत शिरल्यावर बॅग उघडण्याआधी फोनवर सगळ्या खोल्यांचे फोटो काढून ठेवा. टेबलावरचा जुना ओरखडा कुणाचा यावरून वाद होताना मी पाहिलेत, आणि त्यात प्रामाणिक पाहुण्यालाच जास्त मनस्ताप होतो.

* * *

परवान्याची चौकशी करा असं मी कळकळीने सांगेन. आमचं बुकिंग निघायच्या एकोणीस दिवस आधी रद्द झालं. कारण काय, तर तो फ्लॅट अल्प मुदतीने द्यायची नोंदणीच नव्हती. पैसे परत मिळाले, पण तोवर बाकी सगळं महाग झालं होतं आणि पाच जणांना एकत्र राहता येईल असं काही उरलं नव्हतं.

तेव्हा बसून शहराशहरांचे नियम वाचले. सिंगापूरमध्ये खासगी घर ३ महिन्यांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देताच येत नाही, आणि सर्व्हिस्ड अपार्टमेंट म्हणून मंजूर झालेल्या इमारतीतही किमान ७ दिवस राहावं लागतं. म्हणजे चार दिवसांच्या सहलीला तिथे हॉटेलच. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नियम कडक केले. ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी घरमालकाची नोंदणी हवी, तो स्वतः त्याच घरात राहिला पाहिजे आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. लंडनमध्ये वेगळी परवानगी न घेता अख्खं घर वर्षाला ९० रात्रींपर्यंतच देता येतं. पॅरिसमध्ये मालकाच्या राहत्या घरासाठी १२० दिवसांची मर्यादा होती, ती २०२५ पासून ९० वर आली. बार्सिलोनाने तर नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे दहा हजारांवर परवाने संपवायचं जाहीर केलंय.

हे नियम मला जाचक वाटत नाहीत. तिथे राहणाऱ्या लोकांना घरं मिळेनाशी झाली आणि भाडी परवडेनाशी झाली म्हणून ते आले. आपल्या आठ दिवसांच्या सुट्टीसाठी कुणाचं घर जायला नको. पूर्ण इमारतच निवासासाठी परवाना घेऊन चालवलेली असेल तर हा गुंता बहुतेक सुटतो. नोंदणी क्रमांक मागा. खरं असेल तिथे तो लगेच मिळतो.

* * *

छोटीशी सूचना. कपडे धुऊन वाळवणारं एकच यंत्र असेल तर ते भरगच्च भरू नका. जितके कपडे ते धुतं तितके ते वाळवू शकत नाही, साधारण निम्मेच. पूर्ण भरलंत तर चार-पाच तासांनीही कपडे दमटच. परतीच्या आदल्या रात्री मुळीच लावू नका.

* * *

आईचे दोन्ही गुडघे बदललेत. आम्ही घेतलेलं अपार्टमेंट अतिशय देखणं होतं, पण आंघोळ करायची तर उंच काठाच्या टबमध्ये पाय टाकून उतरायचं. धरायला दांडी नाही. पाच दिवस मी आणि बहीण दोन्ही बाजूंनी धरून तिला उतरवत होतो. तिला ते फार लाजिरवाणं वाटलं. चौथ्या दिवशी म्हणाली, आज आंघोळ राहू दे.

मोठ्या हॉटेलांत दांड्या बसवलेल्या, पायरी नसलेल्या खोल्या ठेवलेल्या असतात आणि तशी खोली नावाने मागता येते. अपार्टमेंटमध्येही मिळते, पण खोदून विचारावं लागतं. फोटोत नेहमी हॉल आणि पलंग असतात. मी आता बाथरूमचा उभा फोटो आणि टबच्या काठाची उंची मागवते. लिफ्टपर्यंत पायऱ्या आहेत का, तेही.

* * *

आमचा मुलगा स्वमग्न आहे. वय अकरा. हॉटेलातला सकाळचा नाश्त्याचा हॉल म्हणजे भांड्यांचा आवाज, अनोळखी माणसं, शंभर वास. तो कानांवर हात ठेवून टेबलाखाली बसायचा आणि लोक आमच्याकडे बघायचे. तीन वर्षं आम्ही कुठे गेलोच नाही.

अपार्टमेंटला पोचल्यावर पहिला अर्धा दिवस आम्ही कुठेही गेलो नाही. त्याला सगळी कपाटं उघडून पाहू दिली. त्याची उशी, त्याचा पेला, त्याची चादर घरून नेली होती. सफाईवाल्यांना सांगून ठेवलं की आम्ही बाहेर असतानाच या आणि त्याच्या टेबलावरची गाड्यांची रांग हलवू नका. त्यांनी ती सातही दिवस हलवली नाही. तिसऱ्या दिवशी तो संग्रहालयात दोन तास थांबला. परत येताना इमारत दिसल्यावर स्वतःहून बोट दाखवून म्हणाला, "घर".

त्या सफाईवाल्या बाईंना मी चिठ्ठी लिहून आले.

* * *

मी थोडं वेगळं लिहिते, कुणी रागावू नका.

आम्ही पाच जण, आठ दिवस, सुंदर स्वयंपाकघर. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, "स्वयंपाकघर आहेच, तर रोज बाहेर कशाला जेवायचं?" आणि माझी सुट्टी तिथे संपली. सकाळी दहापर्यंत शेगडीपाशी, रात्री सिंकमध्ये भांडी. इंडक्शनवर अनोळखी पातेली, धड सुरी नाही. ज्या चित्रांसाठी मी ते शहर निवडलं होतं, ती बघायला मला शेवटचा पाऊण तास मिळाला. बाकीच्यांना ती सहल फार आवडली. फोटोंत मीही हसतेय.

पुढच्या खेपेला बुकिंगच्या आधी बसून ठरवलं: नाश्ता तेवढा घरात, तोही नवरा आणि मुलगा आळीपाळीने करणार. रात्रीचं जेवण बाहेर. भांडी यंत्रात, आणि यंत्र लावायचं-रिकामं करायचं काम मुलाचं. त्या वेळी मी सकाळी सातला बाल्कनीत तास-तासभर बसले, एकटी. अपार्टमेंट मला आता आवडतं. पण ज्या घरात हे बोलणं होऊ शकत नाही, त्या घरातल्या बाईसाठी हॉटेलच बरं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. तिथे निदान नाश्ता कुणीतरी तिच्या पुढ्यात आणून ठेवतं.

* * *

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. आमच्या सहा दिवसांत सकाळचं सगळं कोणी केलं ते आठवलं. सासूबाईंनी. त्या लवकर उठतात म्हणून आम्ही कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि मी इथे दोन बाथरूमचं कौतुक लिहून मोकळी झाले.

आज संध्याकाळी त्यांना विचारलं. म्हणाल्या, "पहाटे त्या खिडकीशी उभं राहायला मला आवडायचं. पण भांडी तुम्ही घासायला हवी होती."

पुढच्या वर्षी आम्हाला तीनच रात्री जायचंय आणि त्यांना हॉटेल हवंय. शेजारच्या दोन खोल्या, मधलं दार उघडता येईल अशा. तशी विनंती करता येते, पण पोचल्यावर मिळेलच याची खात्री बरीच हॉटेलं देत नाहीत असं दिसतंय. लेखी खात्री घेऊन अशा खोल्यांत कुणी राहिलं असेल, तर ती कशी मिळवली ते नक्की लिहा.