पिवळा दिवा, तीन बीप: पीएस ३ गरम करून आणला, २३ दिवस चालला. आता काय करू?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे जुना, जाडा पीएस ३ (प्लेस्टेशन ३, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) आहे, ४० जीबीचा. २००८ मध्ये मी आणि धाकट्या भावाने पैसे जमवून घेतला होता. आता बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो, क्षणभर पिवळा चमकतो, तीन बीप वाजतात आणि मग लाल दिवा लुकलुकत बसतो. टीव्हीवर काहीच येत नाही.

चूक आमचीच आहे, हे आधीच कबूल करतो. राहायला करी रोडला. शेजारी दोन टॉवरचं काम चालू, त्यामुळे घरात कायम सिमेंटची धूळ. पीएस ३ शोकेसमध्ये, काचेच्या आत, खाली सेट-टॉप बॉक्स. आणि वर (हसू नका) आईने विणलेला क्रोशाचा रुमाल. बिघडायच्या आधी चार-पाच महिने पंखा मिक्सरमध्ये चटणी वाटल्यासारखा ओरडत होता. आम्ही टीव्हीचा आवाज वाढवला.

लॅमिंग्टन रोडला एका दुकानात नेला. पोराने माझ्यासमोरच बोर्ड काढून दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवला, चिपच्या कडेने फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो पदार्थ) सोडला आणि हीटगन धरली. देवळात राळ जाळल्यासारखा वास सुटला. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. दुसऱ्या हातातला कटिंग चहा संपेपर्यंत त्याने गरम केलं. जोडला आणि चालू! १,८०० रुपये दिले, वर पंधरा दिवसांची वॉरंटी. २३व्या दिवशी शनिवारी रात्री पुन्हा तीन बीप.

आता दुकानदार म्हणतो रिबॉलिंग करावं लागेल, साडेचार हजार, गॅरंटी एक महिना. "महिन्यानंतर काय?" विचारलं तर म्हणाला, "साहेब, इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे."

गणपतीला तीन आठवडे राहिलेत आणि भाऊ पुण्याहून येतोय. त्यात एका क्रिकेटच्या गेममध्ये आम्ही मे महिन्याची सगळी सुट्टी खर्चून आमच्या जुन्या चाळीतली अकरा पोरं खेळाडू म्हणून बनवली होती, टोपणनावांसकट. ती टीम या मशीनशिवाय कुठेच नाही. साडेचार हजार घालावेत का? घातले तर किती दिवस टिकेल? अकरा दिवस टिकलं तरी माझी तक्रार नाही.

— करीरोडकर

फिरता_पंखा:
आधी एक खात्री करा. लाल आणि हिरवा दिवा आलटून पालटून लुकलुकतोय का? तसं असेल तर ते फक्त गरम झाल्यामुळे बंद पडणं. साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) एवढ्यावर भागतं. माझा असाच होता, पेस्ट बदलून तीन वर्षं झाली, आवाजसुद्धा नाही. पिवळा चमकत असेल तर प्रकरण वेगळं.

जाड्या मॉडेलमध्ये एक गंमत आहे: मागचं मेन स्विच बंद करा, इजेक्टचं बटण दाबून धरा आणि तसंच मेन स्विच चालू करा. पंखा काही सेकंद पूर्ण वेगाने फिरतो. गॅलरीत नेऊन करा, घरात नको. मी हॉलमध्ये केलं होतं, बायको दोन दिवस बोलली नाही.

करीरोडकर:
पिवळाच आहे, मोबाईलवर व्हिडिओ काढून सावकाश चालवून बघितला. पंख्याची युक्ती केली. फिरला. जे बाहेर आलं ते जुन्या गादीतल्या कापसासारखं दिसत होतं.

टाकाऊ_टिकाऊ:
मी अकरा वर्षं लॅपटॉप दुरुस्तीत काढली, हे कन्सोलही हाताखालून गेलेत. जरा लांब लिहिते.

खेळताना चिप साधारण ७०-८० अंशांपर्यंत तापते. चिप बोर्डला जोडणारा धातू म्हणजे सोल्डर; बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं (जुनं शिसंवालं १८३ला). म्हणजे घरात खेळता खेळता सोल्डर वितळलं, हे दुकानात सांगतात ते खरं नाही. होतं ते असं: चिपचं सिलिकॉन आणि खालचा बोर्ड तापल्यावर सारखे फुगत नाहीत. बोर्ड सिलिकॉनच्या चार-पाच पट फुगतो. चालू केलं की ताण, बंद केलं की उलटा ताण. तार एकाच जागी वाकवत राहिलं की शेवटी तुटते ना, तसंच. तुमची काच आणि रुमाल यांनी प्रत्येक वाकवणं जरा मोठं केलं, एवढंच.

आता महत्त्वाचं. चिपखाली जोडण्यांचे दोन थर असतात. एक मोठ्या गोळ्यांचा, चिप आणि बोर्ड यांच्यामधला. दुसरा चिपच्या पॅकेजच्या आत, सिलिकॉनच्या अगदी खाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक ठिपक्यांचा. रिबॉलिंग म्हणजे चिप उचलून पहिल्या थराचे गोळे नवे बसवणं. पण ग्राफिक्स चिपचा तडा बहुतेक वेळा आतल्या थरात असतो आणि चिप तर तुम्ही जुनीच परत बसवताय. मग रिबॉलिंगनंतर मशीन चालू कसं होतं? कारण ते करताना चिप पुन्हा तापते आणि आतल्या तुटक्या जोडण्या तात्पुरत्या टेकतात. थोडक्यात, चहाच्या ग्लासात झालेलं काम तुम्ही साडेचार हजारांत परत करून घेताय.

दुसरा संशयित म्हणजे बोर्डवरचे चपटे कपॅसिटर. दोन्ही मोठ्या चिपना (मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स) वीज सुरळीत मिळावी म्हणून असतात. ते म्हातारे झाले तरी हाच पिवळा दिवा येतो आणि गरम केल्यावर तेही काही दिवस शुद्धीवर येतात! म्हणून हीटगनने चालू झालं यावरून दोष कुठे आहे ते काहीच कळत नाही. कपॅसिटरचा दोष असेल तर तिथे टँटलमचे कपॅसिटर लावून मशीन खरंच नीट होतं. चिपचा असेल तर पुढच्या मॉडेलांमधली, कमी तापणारी ग्राफिक्स चिप बसवणारे लोक आहेत. ते काम टिकतं, पण हाताचं कसब लागतं.

कोणतं ते ओळखायला बोर्डवरच्या सिस्टम कंट्रोलरला (मशीन चालू-बंद करणारी छोटी चिप) तीन वायरी जोडून एरर लॉग, म्हणजे बिघाडांची नोंद, वाचता येतो. दुकानदाराला एवढंच विचारा: "लॉग वाचलात का?" तो तुमच्या तोंडाकडे बघत राहिला तर बोर्ड उचला आणि निघा.

टिकण्याचं म्हणाल तर गरम केलेलं दोन दिवसही चालतं आणि चार महिनेही. आधी सांगता येत नाही. दुसऱ्यांदा गरम केलेलं पहिल्याच्या निम्मंही चालत नाही, हा माझा अनुभव.

अगदीच_आगाऊ:
साडेचार हजारांत सेकंडहँड स्लिम (नंतरचा बारीक पीएस ३) येतो की राव. भाऊ पुण्याहून येतोय ना, त्यालाच आणायला सांगा. तुमची हार्डडिस्क काढून त्यात टाकायची, विषय संपला.

टाकाऊ_टिकाऊ:
@अगदीच_आगाऊ, अजिबात नको! पीएस ३ची डिस्क त्या त्या मशीनच्या स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद असते. दुसऱ्या मशीनमध्ये घातली की ते फॉरमॅट करायला सांगतं, आणि "हो" म्हटलंत की चाळ गेली.

करीरोडकर, म्हणूनच तुमच्या बाबतीत एकदा गरम करण्याला अर्थ आहे. खेळण्यासाठी नाही, सामान बाहेर काढण्यासाठी. एफएटी ३२मध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह तयार ठेवा. चालू झालं की पहिलं काम सेव्ह्ड डेटामध्ये जाऊन त्या गेमची फाइल कॉपी करणं. काही गेमच्या सेव्हवर कॉपी-बंदी असते, त्या पेनड्राइव्हवर येत नाहीत. तसं निघालं तर दोन्ही मशीन लॅन केबलने जोडून डेटा ट्रान्सफर करावा लागतो. त्यात त्याही जातात, पण जुनं मशीन तेवढा वेळ जिवंत राहायला हवं.

तेव्हा रिबॉलिंगला नाही म्हणा, फक्त एकदा गरम करायचे काय घेतोस विचारा. आणि आधी "एकच ओव्हर खेळून बघू" करू नका.

फिरता_पंखा:
शेवटच्या वाक्याला अनुमोदन. मी एक ओव्हर खेळलो होतो.

करीरोडकर:
उशिरा कळवतोय, घरात गणपती होते.

दुकानात लॉगचं विचारलं. पोरगं तोंडाकडे बघत राहिलं. पण दुसरीकडे जायला वेळ नव्हता, मग तिथेच ८०० रुपयांत पुन्हा गरम करून घेतला, या वेळी चहा नव्हता. टॅक्सीत मांडीवर घेऊन आणला, शोकेसमध्ये न ठेवता जमिनीवर पाटावर ठेवला, समोर टेबलफॅन. टाकाऊ_टिकाऊ ताई, तुमचं ऐकलं, आधी फाइल. कॉपी-बंदी नव्हती. एवढी लहान फाइल की पेनड्राइव्ह लुकलुकायच्या आत काम झालं, आणि मी मात्र श्वास रोखून बसलेलो.

मग खेळलो. रात्री दोनपर्यंत, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. दुपारी जेवणं आटोपल्यावर बटण दाबलं तर हिरवा, पिवळा, तीन बीप. आमच्याकडे बाप्पा पाच दिवसांचा, पीएस ३ दीड दिवसाचा निघाला.

भावाने पुण्याहून सेकंडहँड स्लिम आणला होता. फाइल त्यात टाकली, टीम उघडली, अकराही जण हजर. बॅटिंग ऑर्डरवरून दोघांचं भांडणही झालं.

जुना बोर्ड डब्यात घालून ठेवलाय, कपॅसिटर बदलून देणारा कोणी ठाणे-दादर पट्ट्यात माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शोकेसची काच काढली आहे. रुमाल आईने सेट-टॉप बॉक्सवर घातला.