मदत हवी आहे: स्क्रॅपरच्या पात्याला नीट बर (कडेची वळवलेली बारीक धार) येत नाही

मंडळी, जुन्या सागवानी टेबलाची फळी साफ करतोय. दोन मुठींचा कॅबिनेट स्क्रॅपर (लाकूड खरवडायचं पात्याचं हत्यार) आहे. पात्याला कानशीने ४५ अंशांचा उतार काढला, दगडावर पाठ सपाट केली, मग स्क्रूड्रायव्हरच्या दांडीने दाबून बर वळवली. तरी पातळ साल सुटायच्या ऐवजी नुसता भुसा पडतो. पाठीवरून कडेकडे बोट नेलं की बर मधेच लागते, दोन्ही टोकं कोरडी. दांडी पात्यापेक्षा मऊ पडत असेल का? इंजिनाच्या जुन्या व्हॉल्व्हची दांडी चालेल? ती किती कलती धरायची, १५ अंश? आणि लाकडाच्या रेषा उलटसुलट आहेत तिथे पात्याला बाक देणारा मधला स्क्रू कितपत आवळता? पॉलिश पेपरचा सल्ला नको, धुळीने घरचे आधीच वैतागलेत.