लंडन: सेंट पॉल्ससमोरची फुकट गच्ची की स्काय गार्डन? सोबत ज्येष्ठ आहेत

रानवारा
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात लंडनला जायचं आहे. सोबत आई-बाबा (दोघंही सत्तरीचे, आईचे गुडघे दुखरे, जिने नकोत) आणि नऊ वर्षांचा मुलगा. उंचावरून शहर बघायचं आहे, पण शार्ड या उंच इमारतीच्या तिकिटांवर सगळ्यांचे पैसे घालवायचे नाहीत. दोन नावं पुन्हा पुन्हा समोर येतात: वन न्यू चेंजची गच्ची आणि स्काय गार्डन. बुकिंग कुठे लागतं? कोणत्या वेळी जावं? वर शाकाहारी जेवण नीट मिळतं का? आणि गच्चीवर बसायचं तर काहीतरी मागवावंच लागतं का?

टेम्सकाठी
फुकट दोन्हीकडे खरंच आहे, पण दोन्हींची जात वेगळी.

वन न्यू चेंज ही खरी गच्ची: उघडं आभाळ, बुकिंग नाही, मनात आलं की वर. सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या पूर्वेला, रस्त्यापलीकडे असलेल्या मॉलचा हा सहावा मजला. इमारत वास्तुकार झाँ नूव्हेलची, २०१० मध्ये सुरू झाली. मधल्या मोकळ्या चौकातून काचेची लिफ्ट थेट वर जाते, त्यामुळे आईंना एकही पायरी चढावी लागणार नाही. आत शिरल्यावर सरकत्या जिन्यांच्या मागे लागू नका, ते गच्चीपर्यंत नेत नाहीत. मुलाला लिफ्टच्या मागच्या काचेशी उभं करा. चौकाच्या फटीत सेंट पॉल्सचा घुमट बरोबर मधोमध येतो. अर्धी गंमत तिथेच आहे.

सहाच मजले म्हणून नाक मुरडू नका. सेंट पॉल्सचं दर्शन झाकलं जाऊ नये म्हणून त्या भागात १९३० च्या दशकापासून इमारतींच्या उंचीवर बंधन आहे. त्यामुळे आसपासचं सगळं बुटकं आणि १११ मीटरचा घुमट नाकासमोर. पस्तिसाव्या मजल्यावरून हाच घुमट खेळण्यासारखा दिसतो.

स्काय गार्डन म्हणजे २०, फेनचर्च स्ट्रीट या इमारतीच्या माथ्यावरचं, ३५ ते ३७ मजल्यांतलं काचघर. आत झाडं, बार, रेस्टॉरंट. दक्षिणेला नदीच्या बाजूने एक उघडा सज्जा आहे, पण वारा-पाऊस असला की तो बंद करतात. याला वेळेचं तिकीट लागतं. तिकीट फुकट, पण मिळवावं लागतं.

चिकूवाडी
तिकिटाबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक जण इथेच फसतात.

स्काय गार्डनची फुकट तिकिटं त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सोमवारी खुली होतात, साधारण तीन आठवडे पुढची. शनिवार-रविवार आणि सूर्यास्ताच्या वेळा आधी संपतात; मंगळवार-बुधवारची सकाळ त्या मानाने सहज मिळते. संपलेली दिसली तरी जायच्या एक-दोन दिवस आधी पुन्हा बघा, लोक रद्द करतात तेव्हा जागा परत येतात. नऊ वर्षांच्या मुलालाही मोजा. फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा.

दुसऱ्या एखाद्या साइटवर हेच तिकीट 'सोयीसाठी' पैसे घेऊन विकत असतील तर घेऊ नका.

तिकीट नाहीच मिळालं तर तिथल्या रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक करणं हा रस्ता आहे. टेबल असलं की वेगळं तिकीट लागत नाही. पण मग ती गच्ची फुकट राहिली नाही, हे आधीच धरून चाला.

तळमजल्यावर विमानतळासारखी तपासणी असते. फळं कापायची छोटी सुरी पर्समध्ये राहिली की तिथेच अडकते. मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नका. विमानतळावरून थेट जायचा बेत असेल तर सामान आधी हॉटेलवर किंवा लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनच्या सामानघरात टाका.

खिडकीतली_जागा
वेळ ठरवताना एक गोष्ट बघाच: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. आदल्या दिवशी सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास, दुसऱ्या दिवशी पावणेपाचला. जुन्या वेळेवर विसंबून पाचचं तिकीट घेतलं तर वर पोहोचेपर्यंत अंधारलेलं असेल.

वन न्यू चेंजवरून घुमट पश्चिमेला येतो. म्हणून सकाळी दहा-अकराला ऊन तुमच्या पाठीकडून पडतं आणि दगडाचं कोरीवकाम नीट दिसतं. संध्याकाळी सूर्य घुमटामागे जातो; मग मिळते ती काळी आकृती आणि रंगीत आकाश. ऑक्टोबरअखेर सूर्य घुमटाच्या डावीकडे, नैऋत्येला मावळतो. जूनमध्ये तोच उजवीकडे आणि रात्री सव्वानऊनंतर. आई-बाबांचा फोटो घुमटासकट हवा असेल तर सकाळीच जा. संध्याकाळी चेहरे काळे येतात.

स्काय गार्डनमध्ये उलटी अडचण. आत दिवे लागले की काचेत आपलीच प्रतिबिंबं. मोबाइलची लेन्स काचेला टेकवा, भोवती हाताचा किंवा गडद रुमालाचा आडोसा धरा, फ्लॅश बंद. ट्रायपॉड नेऊ नका.

तिथे ओळखायच्या गोष्टी: समोर नदीपलीकडे शार्ड (३१० मीटर), डावीकडे टॉवर ब्रिज आणि टॉवर ऑफ लंडन, पाण्यात उभी एचएमएस बेलफास्ट ही युद्धनौका, उजवीकडे लांब सेंट पॉल्स. मुलाला स्काय गार्डनच्या इमारतीची गोष्टही सांगा: २०१३ मध्ये, बांधकाम चालू असताना, तिच्या आत वळलेल्या काचांनी ऊन एका जागी गोळा केलं आणि खाली उभ्या जॅग्वार गाडीचे भाग वितळले. नंतर त्या बाजूला ऊन अडवणाऱ्या पट्ट्या लावल्या.

टेम्सकाठी
गुडघ्यांसाठी: स्काय गार्डनची बाग दोन्ही कडांनी पायऱ्यापायऱ्यांनी वर चढते. आईंनी ३५ व्या मजल्यावरच थांबावं, नदीची बाजू तिथूनच पूर्ण दिसते. वर जायचंच असेल तर कर्मचाऱ्यांना लिफ्ट विचारा.

मेट्रोपेक्षा बस बरी. सेंट पॉल्स स्टेशनला रस्त्यापर्यंत पायऱ्या टळत नाहीत. ट्रफाल्गर स्क्वेअरहून १५ नंबरची बस सेंट पॉल्सवरून जाते आणि पुढे मॉन्युमेंट स्टेशनपाशी स्काय गार्डनजवळ पोहोचते, म्हणजे दोन्ही ठिकाणं एकाच बसने होतात. रोख पैसे चालत नाहीत. प्रत्येक मोठ्या माणसाला भाडं भरायला स्वतःचं कार्ड लागतं, एकावर दोघं नाहीत. अकरा वर्षांखालच्या मुलाला बस फुकट.

रानवारा
सगळ्यांचे आभार, घड्याळाचं लक्षातच आलं नसतं. जेवणाचं राहिलं. आई-बाबा अंडं खात नाहीत. आणि नुसतं बसता येईल का?

चिकूवाडी
वन न्यू चेंजच्या गच्चीचे दोन भाग आहेत. एक सार्वजनिक, तिथे कितीही वेळ उभं राहा, कुणी विचारत नाही. दुसरा रेस्टॉरंट-बारचा, त्यातल्या खुर्च्या गिऱ्हाइकांच्या. मोकळी खुर्ची दिसली म्हणून आईंना बसवलं की वेटर मेनू घेऊन हजर. सार्वजनिक भागात आरामशीर बसायची सोय आहे असं धरून जाऊ नका. कधी खाजगी कार्यक्रमासाठी गच्चीचा काही भाग किंवा सगळीच बंद असते, त्या दिवशी सकाळी मॉलच्या संकेतस्थळावर नजर टाका.

अंड्याचं नीट समजून घ्या. तिकडे 'व्हेजिटेरियन' म्हणजे मांस-मासे नाहीत एवढंच. अंडं त्यात बसतं. मेनूवर पदार्थापुढे 'व्ही' असेल तरी पास्ता, केक, मेयोनीज यांत अंडं असू शकतं. 'व्हेगन' खूण असलेल्या पदार्थात ते नसतं (दूध-तूपही नसतं, पण एका जेवणाला चालून जातं). पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी स्पष्ट विचारावं. वेटरला "नो मीट, नो फिश, नो एग" असं तुकड्यातुकड्यांत सांगा, "प्युअर व्हेज" तिथे कुणाला कळत नाही.

पाणी मागताना "टॅप वॉटर" म्हणा. दारू विकायचा परवाना असलेल्या जागांना ते गिऱ्हाइकाला फुकट द्यावंच लागतं. नुसतं "वॉटर" म्हटलं तर बाटली येते आणि बिलात चढते. बिलात साडेबारा टक्क्यांच्या आसपास सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला असतो, वर वेगळी टिप ठेवायची गरज नाही.

माझं मत: वर जेवूच नका. गच्ची बघा, एखादी कॉफी घ्या, खाली उतरा. सेंट पॉल्सच्या आग्नेयेला फेस्टिव्हल गार्डन्स नावाची छोटी बाग आहे, बाकडी आहेत, डबा तिथे खा. स्काय गार्डनमध्ये बाहेरचं खाणं नेता येत नाही.

खिडकीतली_जागा
वर जेवू नका याच्याशी मी अर्धाच सहमत. पाऊस असेल तर बागेत डबा कसला? त्या दिवसासाठी छताखालची जागा हाताशी ठेवा.

आणखी एक जागा कुणी सांगितली नाही: द गार्डन ॲट १२०. स्काय गार्डनपासून पाचेक मिनिटं चालत, १५ व्या मजल्यावरची उघडी बाग, २०१९ पासून. बुकिंग नाही, तपासणी करून लिफ्टने वर, चारही बाजूंनी शहर, वेलींचे मांडव आणि बसायला बाक. आईंसाठी मला हीच सगळ्यात सोयीची वाटते. दार शोधताना गोंधळ होतो: इमारतीच्या तळातून आरपार जाणारी वाट आहे, तिच्या छतावर मोठा हलत्या चित्रांचा पडदा दिसला की लिफ्ट जवळच. जोराचा वारा सुटला की बाग बंद ठेवतात, आणि ऑक्टोबरात हे होतं. हिवाळ्यात बंद व्हायची वेळही लवकरची असते.

म्हणून क्रम असा ठेवा: सकाळी दहाला वन न्यू चेंज, मग बस, दुपारी स्काय गार्डनचं तिकीट, आणि हवा चांगली असेल तर मध्ये ही बाग. सगळ्यांना कानटोपी आणि एक जादा स्वेटर. काचघरातली हवाही बाहेरच्यासारखीच गार असते, काच बघून लोक उबेची अपेक्षा करतात.