शब्दचर्चा: कुस्तीच्या 'प्रमोशन'ला मराठीत काय म्हणायचं?

मुळाकाठची
एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या कुस्तीवर लेख मराठीत करतेय. विषय त्यांचं 'सोमवारचं युद्ध'. विन्स मॅकमहॉनच्या डब्ल्यूडब्ल्यूएफचा 'रॉ' हा कार्यक्रम १९९३ पासून सोमवारी रात्री लागायचा, आणि सप्टेंबर १९९५ मध्ये टेड टर्नरच्या डब्ल्यूसीडब्ल्यूने मुद्दाम तोच वार, तीच वेळ धरून टीएनटी वाहिनीवर 'नायट्रो' सुरू केला, मग साडेपाच वर्षं दोघं एकमेकांच्या जिवावर उठले. लेखात दर दुसऱ्या ओळीत 'प्रमोशन' येतं, म्हणजे पैलवान करारावर ठेवणारी, कुस्त्या भरवणारी आणि निकालही ठरवणारी पार्टी. 'संस्था' लिहिलं तर पतसंस्था वाटते, 'कंपनी' संपादकांना नकोय, म्हणून मी 'फड' लिहिलं. तर सासरे म्हणाले साफ चूक, फड म्हणजे कुस्त्या होतात ती जागा, माणसं नव्हेत. ते स्वतः तालमीत वाढलेत त्यामुळे मला पटकन उलट बोलता येईना. कोण बरोबर?

राहुटी
ताई तुम्हीच बरोबर. तमाशाचा फड म्हणजे जागा असते का? फड म्हणजे अख्खी मंडळी, आणि त्याचा फडमालक. मी नारायणगावजवळचा, जत्रांच्या सुपाऱ्या ठरवायला तिथे फडांच्या राहुट्या लागतात त्या लहानपणापासून बघतोय. मालक कलाकाराला उचल देतो, हंगामभर बांधून घेतो, आणि दुसरा मालक जास्त उचल दाखवून त्याला फोडतो. १९९६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचे पैलवान स्कॉट हॉल आणि केविन नॅश डब्ल्यूसीडब्ल्यूत गेले ते असेच, तिकडे ठरलेली रक्कम पक्की मिळणार होती, तिकिटांचा गल्ला कमी होवो की जास्त. ही उचलच की हो.

कागलकर
तमाशाचं तमाशाला राहू द्या. कुस्तीत फड म्हणजे मैदानच, 'फड मारला' म्हणजे मैदान मारलं. सासरे बरोबर आहेत. आणि मुळात त्या प्रकाराला आपल्या तांबड्या मातीचे शब्द लावायचेच कशाला? शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं तिथे निकाली कुस्ती बघायला लोक दिवसभर उन्हात बसत. ज्याचा निकाल आधीच कागदावर लिहिलाय ती नुरा कुस्ती. आमच्याकडे पैलवानाला नुरा लढला म्हणणं ही शिवी आहे.

हगामा_नगर
आमच्या नगरकडे जत्रेतल्या कुस्त्यांना हगामा म्हणतात, पण तो कार्यक्रम झाला, भरवणाऱ्याला गावची यात्रा कमिटीच. म्हणजे आपल्याकडे पैलवान पगारावर ठेवणारा मालक हा प्रकारच नव्हता, पैलवान तालमीचा आणि वस्तादाचा. वस्तूच नाही तर शब्द कुठून येणार.

शब्दवेडा
'फड' मूळचा जमाव किंवा बैठक या अर्थाचा, त्यामुळे जागा आणि माणसं दोन्ही अर्थ त्यातच आहेत. उसाचा फड, जुगाराचा फड, गप्पांचा फड. फडणीस म्हणजे फडावरचा लिहिणारा, हाही त्यातलाच.

राहुटी
फडणीस त्यातला नाही हो. तो फर्दनवीस, फारसी फर्द म्हणजे हिशेबाचा कागद, त्याचं झालं फडनवीस. दोन्ही फड एका दावणीला बांधू नका.

शब्दवेडा
पण लोकांनी फर्दचा फड केला तो 'फड' शब्द ओळखीचा होता म्हणूनच ना? व्युत्पत्ती नुसती मुळात नसते, लोकांच्या तोंडातही असते. यावर मी ठाम आहे.

दादरकर७९
आम्ही शाळेत डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळायचो, उंची, वजन, छाती, दंड, असं एकेक आकड्याने पत्ते जिंकायचे. केबलवर रात्री कार्टून नेटवर्क संपून टीएनटी लागायचं आणि आई टीव्ही बंद करायची. तेव्हा आम्ही सरळ 'कंपनी' म्हणायचो. हा इंग्रजी शब्द आहे म्हणून संपादकांना नको असेल तर त्यांना विचारा, नाटक कंपनी काय वर्ज्य आहे का? बालगंधर्व १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून फुटून निघाले आणि गंधर्व मंडळी काढली, तेव्हापासून लोक 'कंपनी फुटली' असंच म्हणत आलेत. शंभर वर्षं वापरलेला शब्द परका कसा? आणि फारच वाटलं तर 'मंडळी' घ्या.

कागलकर
शंभर वर्षं वापरला म्हणून चालवायचं तर उद्या 'चितपट'च्या जागी 'पिन' पण चालवाल. दोन्ही खांदे मातीला लागले की कुस्ती संपली, तीन मोजेपर्यंत कोणी थांबत नाही. शब्द बदलला की खेळ बदलतो.

हलगी
कागलकर, तुमचा राग समजतो, पण एक बघा. कुस्त्या ठरवलेल्या होत्या, मालकांची लढत ठरवलेली नव्हती. डिसेंबर १९९५ मध्ये मदुसा ही महिला पैलवान डब्ल्यूडब्ल्यूएफचा महिला विजेतेपदाचा पट्टा घेऊन नायट्रोवर आली आणि कॅमेऱ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. पट्टा खरा होता, समोरच्या कंपनीचा होता. पुढे नायट्रोने ओळीने ८३ आठवडे प्रेक्षकसंख्येत रॉला मागे ठेवलं. ४ जानेवारी १९९९ ला रॉचं चित्रण आधीच झालेलं होतं, म्हणून नायट्रोच्या निवेदकाने लोकांनी तिकडे जाऊ नये म्हणून तिथला निकालच फोडला, की आज त्यांचा पैलवान मिक फोली जिंकणार, आणि लोक तेच बघायला चॅनल बदलून रॉवर गेले. मार्च २००१ मध्ये मॅकमहॉनने डब्ल्यूसीडब्ल्यू विकतच घेतली. ही माझ्या मते निकाली कुस्ती, दोन मालकांची, खांदे लागेपर्यंत झालेली. ताई, मला तर वाटतं 'युद्ध' पण काढा, 'कलगीतुरा' लिहा, भांडण माइकवरच जास्त होतं. आणि आत सगळं ठरलेलं असून बाहेर खरं भासवतात त्याला 'बतावणी' लिहा.

राहुटी
बतावणी नको! बतावणीत समोरच्यालाही माहीत असतं की सोंग आहे, त्यात फसवणूक नाही. कलगीतुऱ्यातही शेवटी कुणी कुणाचा फड विकत घेत नाही.

हलगी
१९९५ पर्यंत प्रेक्षकांना माहीत नव्हतं असं म्हणायचंय का तुम्हाला? ज्याला माहीत होतं तोही टाळ्या वाजवतच होता, तमाशात वाजवतात तशाच.

मुळाकाठची
परवा लेख द्यायचाय आणि आता माझे तीन शब्द अडलेत, आधी एकच होता. काल रात्री सासऱ्यांना सगळी गोष्ट शेवटपर्यंत सांगितली, शेवटचा नायट्रो २६ मार्च २००१ ला फ्लोरिडात झाला इथपर्यंत. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे फड मोडला त्यांचा." मी काही बोलले नाही.

कागलकर
मैदान मोडलं असंच म्हणायचं असेल त्यांना.

राहुटी
मैदान कधी मोडतं का पैलवान, उठतं.

हगामा_नगर
आमच्याकडे हगामा उठतो असं पण नाही म्हणत, सुटतो म्हणतात. कोल्हापूरकडे काय म्हणतात?