जाड चिऱ्यांच्या घरात म्युझिक स्ट्रीमर: कुठला घ्यावा आणि कसा बसवावा?

औषधवाली_फोंडा

नमस्कार मंडळी. घर बांदिवड्याला. जुनं, चिऱ्यांचं, भिंती दीड हात जाड आणि मधे राजांगण. इंटरनेटचा राउटर पुढच्या खोलीत. गाणं ऐकायची जागा राजांगणाच्या पलीकडे, मागच्या खोलीत. तिथे फोनवर वाय-फायची एक दांडी दिसली तर तो दिवस चांगला म्हणायचा.

सामान असं: डेनॉनचा पीएमए-५२०एई ॲम्प्लिफायर (मामा मस्कतला होते तेव्हा सुटीवर येताना घेऊन आले), व्हार्फडेल डायमंड ९.१ चे स्पीकर, आणि एक सीडी प्लेयर, जो आता अर्ध्या सीडी ओळखायलाच तयार नाही. सीडी दीडशेच्या आसपास. अभिषेकीबुवा, मोगूबाई, किशोरीताई, केसरबाईंच्या जुन्या तबकड्यांवरून काढलेल्या, आणि बरंचसं नाट्यसंगीत. गेल्या पावसात काहींच्या डब्यांत बुरशी शिरली, म्हणून आता घाई.

स्ट्रीमर (इंटरनेटवरचं गाणं ॲम्प्लिफायरला पोचवणारा डबा) घ्यायचा आहे, रिमोट वगैरे धरून पंचवीस हजारांत. यूट्यूबवर परीक्षणं बघून बघून डोकं उठलं. प्रत्येक जण डॅकच्या, म्हणजे डिजिटल गाण्याचा ॲम्प्लिफायरजोगा सिग्नल करणाऱ्या भागाच्या, चिपचं नाव घेतो आणि मग डोळे मिटतो. मी फार्मसी चालवते. मला ती चिपांची नावं औषधांच्या ब्रँडसारखी वाटायला लागली आहेत: डबी वेगळी, आत तेच.

आई ७८ वर्षांची. फोनला हात लावणार नाही. पण सकाळी आकाशवाणी पणजी लागलीच पाहिजे, आणि ती लावायला मला हाक मारायची नाही, हा तिचाच हट्ट. शिवाय आमच्याकडे वीज जाते-येते, ते गोव्यात कुणाला सांगायला नको. काय घेऊ?

आके_मडगाव

सारेगामाची कारवां घ्या. पाच हजार गाणी आत भरलेली, बटण फिरवलं की झालं. उरलेल्या पैशांत चवथीची माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट) होईल.

औषधवाली_फोंडा

कारवां आहे. ती आईने स्वयंपाकघरात नेली आणि आता मला परत मिळेल असं दिसत नाही. तिच्यावर रेडिओ लागतो, पण आमच्या खोलगट भागात खरखर फार. प्रश्न ॲम्प्लिफायरचा आहे, दादा.

तंबोरा_म्हापसा

ताई, चिपांबद्दल तुम्ही म्हणता ते बरंचसं खरं आहे. या किमतीतल्या बऱ्या यंत्रांतला फरक डोळे बांधून, आवाजाची पातळी सारखी ठेवून डायमंड ९.१ वर ओळखून दाखवणारा मला अजून भेटायचा आहे. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले तर त्याहून मोठा फरक पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत. तेव्हा आधी बटण कोण दाबणार, गाणं कुठून येणार आणि भिंतीपलीकडे सिग्नल पोचणार का हे बघा. यंत्र त्यानंतर.

गाणं कुठून येणार? बाहेरच्या देशांतले परीक्षक टायडल आणि कोबझवर यंत्रं तपासतात. दोन्ही सेवा भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत, म्हणजे अर्धं परीक्षण आपल्या उपयोगाचं नाही. आपल्याकडे स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक. स्पॉटिफाय कनेक्ट किंवा क्रोमकास्ट असेल तर यंत्र इंटरनेटवरून स्वतः गाणं ओढतं, तुमचा फोन फक्त रिमोट. ब्लूटूथमध्ये मात्र फोनच गाणं पाठवतो, तेही पुन्हा दाबून बारीक करून. वर दुकानातून फोन आला की तराणा मधेच बंद.

एक गोष्ट परीक्षणांत सहसा येत नाही. आपलं निम्मं नाट्यसंगीत यूट्यूबवर कुणा भल्या माणसाने चढवलेलं असतं. यूट्यूबचं साधं ॲप असल्या पडदा नसलेल्या यंत्राला गाणं पाठवत (कास्ट करत) नाही. यूट्यूब म्युझिक करतं. घेण्याआधी तुमच्या आवडीची पाचपंचवीस गाणी यूट्यूब म्युझिकमध्ये सापडतात का ते बघून ठेवा.

तुमच्या बजेटात मी डोळे झाकून वीम प्रो म्हणेन. लॅन केबलची जागा आहे, क्रोमकास्ट आहे, स्पॉटिफाय कनेक्ट आहे. ब्लूसाउंडचा नोड छान यंत्र आहे, पण तुमच्या आकड्याच्या पुष्कळ वर. वीमच्याच प्रो प्लसमध्ये डॅकची चिप वेगळी, एकेएम कंपनीची. घ्यायची तर घ्या, पण त्यासाठी रिमोटचे पैसे कापू नका. वीमच्या रिमोटवर १ ते ४ आकड्यांची बटणं असतात. ॲपमध्ये एकदा १ वर आकाशवाणी पणजी बसवली, २ वर रागम (आकाशवाणीची चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी, २०१६ पासून चालू आहे), की आईंना तुम्हाला हाक मारायची गरज नाही. रेडिओच्या यादीत वाहिनी नाही सापडली तर ॲपमध्ये स्ट्रीमचा पत्ता हाताने घालता येतो. रिमोट डबीत येतो की वेगळा घ्यावा लागतो, ते मात्र विचारूनच पैसे द्या.

जोडणी सोपी. तुमच्या डेनॉनला डिजिटल इनपुट नाही, म्हणून स्ट्रीमरच्या लाल-पांढऱ्या आरसीए पिना सीडी किंवा ऑक्सच्या भोकांत. फोनो लिहिलंय तिथे चुकूनही नको. ती जागा तबकडीच्या सुईच्या क्षीण सिग्नलसाठी, तिथे आवाज फाटून येईल.

पायवाला_फर्मागुडी

पंचवीस हजार कशाला? रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक), वर डॅकचं हॅट (त्यावर बसणारी पट्टी) आणि पायकोअरप्लेयर हा गाणी वाजवायचा कार्यक्रम. निम्म्यात होतं. आणि वीज जाण्याची भीती आहे तिथे तर हाच घ्यावा. पायकोअरप्लेयर चालू होताना सगळा रॅममध्ये चढतो, त्यामुळे अचानक वीज गेली तरी मेमरी कार्ड खराब व्हायचं कारण नाही. मी बसवून देतो, फर्मागुडीहून बांदिवडं काय लांब नाही.

औषधवाली_फोंडा

बरें बाळा. आणि तू पास होऊन पुण्याला नोकरीला गेलास, मग बिघडला तर?

पायवाला_फर्मागुडी

😀 पॉइंट आहे, काकी.

तंबोरा_म्हापसा

पोराचा पाय टाकून देऊ नका, त्याला दुसरं काम आहे. सीडींची गाणी कुठे ठेवणार? वीम प्रोला पेन ड्राइव्ह लावायची सोय नाही, ती वरच्या अल्ट्राला आहे. तेव्हा घरात एक छोटा सर्व्हर हवा, आणि त्या कामाला पाय उत्तम. त्यावर लिरियन म्युझिक सर्व्हर घालायचा (जुना स्क्वीझबॉक्सवाला, नाव बदललेला), यूएसबीला ड्राइव्ह, आणि पाय राउटरशेजारी ठेवून द्यायचा. वीम त्या सर्व्हरला प्लेयर म्हणून जोडला जातो. पाय बिघडला तरी आईंचा रेडिओ बंद पडत नाही, हा यातला फायदा.

काणकोणकार

सीडींच्या विषयावर मला बोलू द्या, कारण सगळे यंत्रावर घसरले आणि खरा घाम तिथेच गळणार आहे.

बुरशीची सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायची. गोल फिरवून पुसली तर ओरखडे गाण्याच्या वाटेवरच पडतात. तुमच्या प्लेयरने नाकारलेल्या सीडी संगणकाचा ड्राइव्ह बऱ्याचदा वाचतो. विंडोज असेल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, फुकट आहे. ते संशयाची जागा परत परत वाचतं आणि आपली प्रत इतर लोकांच्या प्रतींशी ताडून बघतं. साठवा फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार). डब्ल्यूएव्हीमध्ये नावगाव नीट टिकत नाही आणि जागा दुप्पट. दीडशे सीडी म्हणजे साधारण पन्नास जीबी, १२८ चा ड्राइव्ह पुरे. दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा, एकाच कपाटात दोन प्रती म्हणजे एकच प्रत.

आता नावं. सीडी घातली की कार्यक्रम इंटरनेटवरून गाण्यांची नावं आणतो. ती जशीच्या तशी ठेवाल तर पुढे काहीच सापडणार नाही. शुद्ध कल्याण चार प्रकारे लिहिलेला असतो, गायकाच्या रकान्यात तबलजी, आणि रागाच्या जागी नुसतं ‘ट्रॅक ३’. केसरबाईंचा भैरवीचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानाच्या सोनेरी तबकडीवर बसून अंतराळात गेला, पण केरीच्या या बाईंचं आडनाव सीडीच्या यादीत मला आजवर एकसारखं मिळालेलं नाही.

माझी पद्धत अशी: अल्बम आर्टिस्टच्या रकान्यात फक्त मुख्य गायक, नेहमी एकच स्पेलिंग. गाण्याच्या नावात आधी राग, मग बंदिशीचे पहिले शब्द, मग ताल. नाट्यगीत असेल तर आधी पद, मग नाटक. साथीदार शेऱ्यात. फ्लॅकमध्ये देवनागरी व्यवस्थित चालते, पण एकदा देवनागरी धरलीत तर सगळीकडे देवनागरीच, नाहीतर मोगूबाई दोन जागी राहायला जातात. दर सीडी काढली की लगेच नावं घाला. ‘सगळ्या काढून मग बसू’ असं म्हणणारे अजून बसलेले नाहीत.

आणि अंतर न पडता गाणं सलग वाजतंय का ते तपासा. मैफलीच्या सीडीत विलंबित एका ट्रॅकवर, द्रुत पुढच्यावर, आणि मधे टाळ्या नसतात. तिथे अर्धा सेकंद शांतता पडली की समेवर पाय घसरतो.

सांखळी_वायरमन

वायरिंग माझा धंदा, म्हणून दोन शब्द. जळतात ती यंत्रं मे महिन्यातल्या आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटात. इंटरनेटचा फायबर काचेचा, त्यातून वीज येत नाही. येते ती पॉवरच्या वायरीतून आणि घरात लांबवर ओढलेल्या तांब्याच्या लॅन केबलीतून. राजांगणावरून उघडी केबल लटकवू नका. गडगडायला लागलं की प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. सर्ज प्रोटेक्टर जरूर लावा, पण त्याचं काम अर्थिंग असेल तरच. आपली तांबडी चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात सुकली की अर्थिंग ढिलं होतं. खड्डा जुना असेल तर तपासून घ्या, पाणी घालत चला.

राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. वीज पाच मिनिटं गेली तरी इंटरनेट टिकतं, नाहीतर सगळं परत जुळेपर्यंत आकाशवाणीच्या बातम्या संपतात.

औषधवाली_फोंडा

देव बरें करूं सगळ्यांना. मग राजांगणाचं काय करू? केबल नको, वाय-फाय पोचत नाही.

तंबोरा_म्हापसा

वायरमनबाब म्हणतात ते बरोबर, केबल नको. पण राजांगण हा तुमचा फायदा आहे. तिथे भिंत नाही! मेशचे (एकमेकांना वाय-फाय पुढे देणारे) दोन डबे घ्या. एक राउटरजवळून राजांगणाच्या दारापाशी आणा, दुसरा समोरच्या दारापाशी, दोघांना एकमेकांचं तोंड दिसेल असे. सिग्नल मोकळ्या हवेतून जाईल, चिऱ्यातून नाही. दुसऱ्या डब्यातून वीमला हातभर लॅन केबल. पाऊस लागणार नाही इतके आत ठेवा. आणि वेगाची काळजी नको. सीडीच्या दर्जाच्या फ्लॅकला सेकंदाला सहसा एक मेगाबिटही लागत नाही.

औषधवाली_फोंडा

आलं, बसवलं. वीम प्रो, वेगळा रिमोट, मेशचे दोन डबे. मेशमुळे आकडा बजेटाच्या वर गेला, पण आता वरच्या खोलीत भाच्याचाही अभ्यास चालतो म्हणे. अभ्यासच चालत असेल. पाय फर्मागुडीच्या पोराने लावून दिला, पातोळ्या खाऊन गेला. सीडी काढणं रोज रात्री दुकान बंद करून आल्यावर. काणकोणकारांची नावांची पद्धत धरली आहे, मोगूबाई एकाच जागी राहतात.

आई १ दाबते. रेडिओ लागतो. २ कधी दाबेल माहीत नाही, रागमवर बातम्या नाहीत असं तिचं म्हणणं.

एक अडचण. ॲपमध्ये व्हॉल्यूम ‘फिक्स्ड’ करा असं कुठेतरी वाचलं म्हणून केलं. आता आईच्या रिमोटवरून आवाज कमी-जास्त होत नाही, उठून डेनॉनची मूठ फिरवावी लागते.

तंबोरा_म्हापसा

फिक्स्ड काढून टाका. तो सल्ला मुठीवरच आवाज सांभाळणाऱ्यांसाठी. ॲपमध्ये कमाल व्हॉल्यूमची मर्यादा घाला. मग वीमचा आवाज त्या मर्यादेपर्यंत चढवून डेनॉनची मूठ घरात सहन होईल इतक्या वरच्या जागी ठेवा आणि तिथे पेन्सिलने खूण करा. त्यापुढे आईंनी रिमोट कितीही दाबला तरी स्पीकर फाटणार नाहीत.

आके_मडगाव

आणि माटोळी?

औषधवाली_फोंडा

मेशमध्ये गेली.