ठाण्याच्या चरईतल्या जुन्या घरचा बागकामाचा रविवार : आलेल्यांनी अनुभव लिहा

मातीचे_पाय
मागच्या रविवारी त्या कौलारू घराच्या अंगणात राबायला जे जे आले होते त्यांनी इथे लिहा. काय शिकलात आणि काय बिघडवलंत, दोन्ही लिहा. फोटो नकोत, ग्रुपवर शंभर पडलेत आणि निम्म्यात माझी पाठच आहे.

सुरुवात मीच करते. सातला बोलावलं होतं, साडेसातपर्यंत त्या घरच्या आजी आणि आम्ही तिघं, आणि आठला एकदम वीस माणसं, खुरपी मात्र नऊ. मी आपली वसंत म्हणजे फुलं लावायची या समजुतीत नर्सरीतून पिटुनियाची बारा रोपं घेऊन गेले होते. आजींनी पिशवीत डोकावून बघितलं, "अगं, आता ऊन चढणार, ही कशाला आणलीस? लावायचं ते मृगाला. आत्ता झाडांभोवती पाण्याची आळी करा, पाला पसरा, छाटणी करा." बारा रोपं परत घरी, सात जिवंत आहेत. एक चष्मा, दोन डबे आणि लाल मुठीचं एक खुरपं माझ्याकडे राहिलंय, ज्याचं त्याने घेऊन जावं.

ऐरोलीची_मनी
सगळ्यांना कळलंच आहे तर मीच लिहिते. ट्रान्स हार्बरची गाडी चुकली, उशिरा पोचले, म्हणून जरा जास्तच जोरात होते. विहिरीशेजारचा वाफा कोणी घेतला नव्हता, नुसती भेगाळलेली माती, एक हिरवं पान नाही. म्हटलं हा आपला. कुदळीच्या दोन-तीन घावांतच गड्डे वर आले, खाली छोट्या छोट्या गाठी लोंबतायत, मला वाटलं जुनी आंबेहळद असेल, घमेल्यात टाकत गेले. अर्धा वाफा झाल्यावर एका गड्ड्याला जांभळट कोंब दिसला, पेन्सिलीच्या टोकाएवढा. नाकाशी धरला तर आल्यासारखा पण गोडसर वास. आणि मागे आजी उभ्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "भुईचाफा आहे गं तो. सासूबाईंनी लावलेला."

तर ज्यांना माझ्यासारखंच माहीत नाही त्यांच्यासाठी, भुईचाफ्याची पानं थंडीत वाळून नाहीशी होतात आणि चैत्राच्या आसपास आधी फूल येतं, पांढरं-जांभळं, दांडा-बिंडा काही नाही, थेट जमिनीतून, पानं त्यानंतर. म्हणजे वर्षातले जे चार दिवस त्याला हात लावायचा नाही नेमके तेच मी गाठले. मग आम्ही दोघींनी बसून एकेक गड्डा परत बसवला, कोंब वर, माती फार दाबायची नाही. तीन तुकडे तुटले होते ते आजींनी मलाच दिले. बाल्कनीत कुंडीत आहेत, रोज पाणी घालतेय, अजून काही नाही.

नौपाड्याचे_काका
मनी, रोज पाणी घालू नकोस, कुजतील. माती वरून सुकली की मगच.

माझ्या वाट्याला बदामाचा पाला आला होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपला देशी बदाम लालभडक होऊन सगळी पानं टाकतो आणि आपले लोक ती झाडून पेटवतात, सकाळी सकाळी तो धूर, डोकं फिरतं माझं. तिथे अकरा पोती भरली. थोडा पाला जास्वंदीच्या आळ्यांत चार बोटं जाड पसरला, खोडाला चिकटू न देता, म्हणजे पाणी टिकतं आणि बुंधा कुजत नाही. उरलेल्याचं खत, दोन घमेली सुका पाला, एक घमेलं ओला कचरा, मधे मूठभर जुनं शेणखत. मुठीत दाबलं की ओलं लागलं पाहिजे पण पाणी गळता कामा नये. बदामाचं पान जाड, वेळ घेतं, म्हणून आधी पायाने चुरगळून घ्यायचं. हे काम लहान मुलांना द्यावं, फुकटात होतं.

एका तरुणाने जीवामृताचा, म्हणजे शेण-गोमूत्राच्या पातळ खताचा, विषय काढला. २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. बाबा रे, ते एकराचं माप आहे, अंगणाला १० लिटर पाणी आणि अर्धा किलो शेण या हिशेबाने कर, नाहीतर शेजारी पोलीस बोलावतील.

सदा_लेट
मी अकराला पोचलो. पोहे संपले होते. अनुभव संपला.

कौलारू
वाफ्याच्या कडेला फुटकी कौलं उभी खोचलीत ती बघितली का कोणी? एक धुतलं तर उलट्या बाजूला इंग्रजी अक्षरं, बासेल मिशन टाईल वर्क्स, मंगळूर, १८६५. मी लगेच सगळ्यांना ओरडून सांगितलं की कौल १८६५ चं आहे, आणि घरी जाऊन वाचलं तर ते कारखाना सुरू झाल्याचं साल निघालं, कौलांवर तेच छापायचे. घर आहे जुनंच, पण मी म्हटलं तेवढं जुनं ते स्वतःही म्हणत नसेल.

अजून एक. मागच्या भिंतीत पिंपळाचं रोप होतं, मी धरून ओढलं, रोप वरच्यावर तुटलं, मूळ आतच आणि हातभर चुन्याचा गिलावा खाली. मूळ राहिलंय म्हणजे परत फुटणारच. भिंत चुन्याची आहे त्यामुळे सिमेंट लावून टाकू नका, चुन्याचं काम येणारा गवंडी शोधतोय.

खोपटची_माई
शेवग्याची वाळकी फांदी तोडायला करवत काढली होती आणि वरून टुक-टुक-टुक-टुक. तांबट पक्षी! फांदीच्या खालच्या बाजूला लिंबाएवढं गोल भोक, त्यातून लाल कपाळ डोकावलं आणि आत. वाळकं लाकूडच लागतं त्याला पोखरायला, आणि हे दिवस विणीचे. करवत ठेवून दिली, खाली दोरी बांधून ठेवलीय म्हणजे कोणी उभं राहणार नाही.

मदनबाण
मला यायला जमलं नाही. मोगऱ्याची छाटणी आत्ता केली तर चालेल का?

मातीचे_पाय
उशीर झालाय, ती जानेवारी-फेब्रुवारीतच उरकायची. आता कळ्या येत असतील तर हात लावू नका, बहर संपला की हलकी करा.

खोपटची_माई
आणि ते लाल मुठीचं खुरपं माझं आहे. चष्मा नवऱ्याचा.